ट्रकमधून आलेल्या भिंती

भिंती ट्रकमधून आल्या. आडव्या, एकीवर एक, मधात जुनी पोती घालून. खिडक्यांची भोकं आधीच पाडलेली, दिव्याच्या बटनाची जागासुद्धा आधीच कोरलेली. मी म्हातारा झालो तोवर गावात पुष्कळ भिंती बांधताना पाहिल्या, पण तयार होऊन दारात आलेली भिंत तोवर पाहिली नव्हती. ट्रकच्या मागं उभा राहून मी पहिल्या भिंतीवर बोटाच्या पेरानं टिचकी मारली. मडकं विकत घेताना मारतो तशी. आवाज आला टप. विटेचा नाही, लाकडाचाही नाही. तेव्हाच मी मनात म्हणालो, यात काही खोट आहे.

मी चौथी शिकलेला माणूस आहे. हे लिहिलेलं सून वाचून देते, काना-मात्रा सुधारते. पण तिला सांगून ठेवलं आहे, माझं बोलणं सुधारायचं नाही. म्हणून सरळच लिहितो. लेकाचं ते घर तापावं, अशी माझी इच्छा होती. लेकाचं वाईट व्हावं असं नाही. पण ते घर तापलं पाहिजे होतं. कारण माझी बायको मी टाकलेल्या टिनाखाली उन्हानं गेली. माणूस उन्हाळ्यात उन्हानं मरतो, त्याला कोण काय करणार, असं मी चार-पाच वर्षं स्वतःला सांगत आलो होतो. लेकाचं घर खरंच थंड राहिलं तर मला तेही सांगता येणार नव्हतं.

आमचं जुनं घर समुद्रपूर तालुक्यात, गिरडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. मातीच्या भिंती, हात-सव्वा हात रुंद, वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. उन्हाळा लागला की टेकडीकडून काळ्या तोंडाची वानरं चिंचा खायला येत आणि जाता-येता आमच्या घरावरून उड्या मारत. एका वानराच्या उडीत चार कवेलू फुटत. म्हणून दर वर्षी पावसाच्या आधी घर फेरावं लागे. म्हणजे वर चढून सगळे कवेलू ओळीनं उचलायचे, फुटके टाकायचे, झाडून-पुसून पुन्हा रचायचे. मी वर, लेक शिडीवर, बायको खाली. तीन-चार दिवसांचं काम. पाठ मोडून जाई.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका उन्हाळ्यात माझा गुडघा सुजला होता. लेक कॉलेजात जायला लागला होता, तो म्हणाला मी चढत नाही. गावात तेव्हा एकेक घर टिनाचं होत होतं. मीही ठरवलं, संपवू ही कटकट. वानरांना नाचू दे टिनावर.

बायको चूल सारवत होती. ती हात तसाच ठेवून म्हणाली, "अजी, टिन नोका टाकू. कवेलू फुटते, पन तापत नाई. टिनाखाली मानूस भाजून निघन."

मी म्हणालो, "साऱ्या गावानं टाकलं. ते काय भाजून मेले?"

हे वाक्य मी तिला म्हणालो होतो. हेच्या हेच.

टिन पडलं. पहिल्याच मे महिन्यात तिनं कोनाड्यातली मेणबत्ती आणून मला दाखवली. लाईन गेली की लावायला ठेवलेली, कोरी, न पेटवलेली. ती मधातून वाकून खाली लोंबत होती. "पाहा जी, मेणबत्तीनं मान टाकली. आपन तरी अजून बसून आहो." ती हसत होती. मग रोज संध्याकाळी ती मेणबत्ती हातानं सरळ करून ठेवायची आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा वाकलेली. तिनं आपला उपाय शोधला होता. सकाळी आठ वाजले की दारं-खिडक्या बंद, दारावर ओलं पोतं, आणि सूर्य बुडाला की सगळं सताड उघडं. मला ते आवडत नसे. मी म्हणायचो, "हे घर हाय का जेल?" आणि खिडकी उघडायचो. ती पुन्हा लावायची.

पुढं मी कूलर आणला. खिडकीत बसवला. कूलरला हवा जायला समोरची खिडकी उघडी लागते, म्हणून तिचा बंद-उघडचा कायदा मोडला. मोटर चालू असेपर्यंत बरं वाटे. लाईन गेली की तोच कूलर म्हणजे खिडकीत उघडी भट्टी. आणि लाईन त्या वर्षांत दुपारीच जायची.

ज्या दिवशी ती गेली त्या दिवशी मी समुद्रपूरला एका लग्नाच्या पंगतीत होतो. तिचं डोकं दुखत होतं म्हणून ती आली नाही. मी एसटीनं परत आलो तेव्हा चार वाजले असतील. ती स्वयंपाकघरात जमिनीवर पडली होती. अंग कोरडं, तव्यासारखं. पदराच्या गाठीत कांदा बांधलेला होता, ऊन लागू नये म्हणून. लाईन नव्हती. दोन्ही खिडक्या उघड्या होत्या, मी जाताना ठेवल्या होत्या तशा. जीप मिळाली, दवाखाना आला, पण तोवर काही उरलं नव्हतं.

लेक नागपूरहून आला. आत आला, आईकडं पाहिलं आणि मग मान वर करून एकदा टिनाकडं पाहिलं. त्यावर पुढं कित्येक वर्षं बोलला नाही. पण त्याचं ते वर पाहणं माझ्या मनात खिळ्यासारखं बसलं.

त्याला नागपूरकडच्या एका कारखान्यात काम लागलं होतं. त्या कारखान्यात घराचे तुकडे बनत. भिंती, छत, खिडक्या, सगळं तिथं तयार करायचं आणि जागेवर नेऊन जोडायचं. लग्न झालं, पिपरी मेघेला प्लॉट घेतला, आणि म्हणाला आपण तसलंच घर उभं करू. ऊन आत घेत नाही असं. कारखान्यालाही एक घर गिऱ्हाइकांना दाखवायला पाहिजे होतं. तेव्हाच मला वास आला. म्हटलं, नवीन औषध आधी कोंबडीला देऊन पाहतात, तसं हे आपल्यावर करून पाहून राहिले.

गावात बातमी गेलीच. आमचा कापड दुकानदार मला रस्त्यात थांबवून म्हणाला, "काय भाऊ, पोट्ट्याचं घर पुठ्ठ्याचं हाय म्हनते? पानी आलं का घडी करून कपाटात ठेवजा."

मी हसलो नाही. मलाही तसंच वाटत होतं.

लेकाला मी ट्रकजवळच विचारलं, "आतमंदी काय हाय याच्या?"

"बाहेरून सिमिटाचा पातळ थर, आतून तसाच, मधात भरन."

"कायचं भरन?"

"फेसावानी असते, बाबा. हलकं. ते ऊन आत येऊ देत नाई."

"फेस? साबनाचा?"

तो हसला. मग म्हणाला, "रजईवानी समजा."

"उन्हायात रजई पांघरतो का तू?"

"बर्फवाला बर्फ कायच्यात ठेवते?"

"भुश्यात. वरून पोतं."

"मंग भुसा काय थंडा असते?"

मी म्हणालो, "बर्फ शेवटी वितळतेच," आणि तिथून निघून गेलो.

क्रेन आली आणि चार दिवसांत घर उभं झालं. चार दिवसांत आमचं जुनं घर फेरून व्हायचं, तेवढ्यात यांनी नवं उभं केलं. सांधे रबरानं आणि कसल्याशा लुगदीनं बुजवले, मुंगी शिरणार नाही असे. छत पांढरं रंगवलं. खिडक्यांवर मोठमोठे छज्जे. मावळतीकडं एकही खिडकी नाही. काचा दोन-दोन, मधात फट. मी सगळीकडं टिचकी मारत फिरलो. टप, टप, टप. सून पाहुण्यांना सांगत होती, "मामाजी भिंतीची नाडी पाहून राह्यले."

पूजेच्या दिवशी लेक म्हणाला, "बाबा, आईचा फोटो या खोलीत लावू."

मी म्हणालो, "पोकळ भिंतीवर तिचा फोटो लावाचा नाई." फोटो पिशवीत घातला आणि दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं गावी परत आलो.

गावी मी टिनाखालीच राहत होतो. एकटा. लेक म्हणायचा इकडं या, मी म्हणायचो सवय झाली. सवय कसली. दुपारी अंगावर ओलं धोतर घेऊन पडायचो आणि वर पाहत राहायचो. तिनं पाहिलं असेल तेच पाहतोय, असं वाटायचं. आणि डोक्यात एकच यायचं, की या पोरानं ते घर माझ्यासाठीच उभं केलं आहे. मला दाखवायला. तोंडानं बोलता येत नाही म्हणून भिंती आणून बोलतो आहे. पाहा, असं घर असतं तर.

मग एका मे महिन्यात मी नळावर पाणी भरताना चक्कर येऊन पडलो. शेजाऱ्यानं एसटीडीवरून लेकाला फोन केला. लेक गाडी करून आला आणि मला विचारलं नाही, माझी पेटी उचलली. पेटीत फोटो होता. मी म्हणालो, "आठ दिवस येतो." मनात म्हणालो, आठ दिवसांत तुझ्या घराची खोट काढतो.

पहिल्याच सकाळी सून दारात येऊन उभी. "मामाजी, खिडकी लावा. आठ वाजले."

"जीव गुदमरते माहा."

"वरच्या झरोक्यातून हवा येते जी. सूर्य बुडला का सारं उघडू."

आठ वाजता बंद, सूर्य बुडाल्यावर उघडं. हा कायदा मी आधी कुणाच्या तोंडून ऐकला होता ते मला चांगलं माहीत होतं. पण तेव्हा मी तो विचार झटकून टाकला.

आजूबाजूच्या सगळ्या घरांचे कूलर घरघरत. या घरात फक्त पंखा. तरी घर तापेना. गारठा नव्हता, एसीसारखं नव्हतं, पण ऊन जसं उंबऱ्यावर अडत होतं. मला वाटलं, भिंतीच्या आत कुठंतरी मशीन लपवलं आहे. भिंतीला कान लावून बसलो. काही ऐकू येईना. बाहेर जाऊन मीटरची चकती पाहिली. हळू फिरत होती. कारखान्याचे दोन साहेब घर पाहायला आले, भिंतीवर हात फिरवून मला म्हणाले, "काका, कसं वाटतं?"

मी म्हणालो, "अजून मे संपला नाई. पाहून राह्यलो."

मग मी कोपऱ्यावरच्या दुकानातून मेणबत्तीचं पाकीट आणलं. एक मेणबत्ती वाटीत थोडं मेण पाडून उभी केली आणि विझवून माझ्या खोलीत ठेवली. माझा तराजूचा काटा तो. सरळ राहिली तर घर खरं, वाकली तर लेकाचं सगळं शास्त्र खोटं. पहिल्या दिवशी सरळ. दुसऱ्या दिवशी सरळ. तिसऱ्या दिवशी मी भर दुपारी खिडकी उघडली. लबाडी होती, कबूल करतो. बाहेरची झळ आत घुसली आणि खोलीभर पसरली. मेणबत्ती थोडी कलली का, हे मी वाकून पाहत होतो तेवढ्यात सून आली.

"मामाजी! कोन उघडली?"

"वाऱ्यानं."

"आतली कडी वाऱ्यानं काढली?"

तिनं खिडकी लावली, मेणबत्तीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि काही न विचारता गेली. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेल्यावर मी छन्नी-हातोडी घेतली. लेकाच्या सामानात होती. खाटेच्या बाजूच्या भिंतीत, कॅलेंडर टांगलेलं होतं तिथं, छन्नी लावली. वरचा थर टणक होता, पण फुटला. आत छन्नी मऊ शिरली. मी बोट घालून उकरलं. पांढरे दाणे भुरभुर खाली पडले. माझ्या पायावर, फरशीवर. गणपतीच्या मखराला लावतात तो थर्माकोल!

मला इतका आनंद झाला की काय सांगू. सापडला चोर. मखराच्या कचऱ्याचं घर बांधलं आणि साहेब लोकांना दाखवतात. मूठभर भोक झालं तेव्हा थांबलो. कॅलेंडर परत टांगलं, दाणे पायानं खाटेखाली सारले.

आणि तेवढ्यात लाईन गेली. पंखा थांबला.

मी म्हटलं, आता. आता पकडलं जाईल हे घर. बाहेर सगळे कूलर एकदम गप्प झाले, बाया-माणसं दारात येऊन वारा घालायला लागली. मी खाटेवर बसलो, मेणबत्ती समोर. तिच्यावरून नजर हलवायची नाही असं ठरवलं. बाहेर मे महिन्याची दुपार होती. त्या दिवशीही अशीच होती. घाम आला, कपाळावर थोडा, पाठीला थोडा. मी वाट पाहत होतो. आता वाकेल. आता मान टाकेल.

आणि मला झोप लागली.

जागा झालो तेव्हा खिडकीच्या काचेवरचा उजेड पिवळा पडला होता. लाईन अजून आली नव्हती. म्हणजे लाईन नसताना, मे महिन्यात, भर दुपारी मी तीन-चार तास झोपलो होतो. लहान पोरासारखा. मेणबत्ती वाटीत ताठ उभी होती.

मला राग आला. तिच्या शेवटच्या दुपारी तिला घडीभर तरी डोळा लागला होता का, मला माहीत नाही. आणि मी इथं घोरत पडलो होतो. मी उठून भिंतीला एक गुद्दा मारला. कॅलेंडर खाली पडलं.

दारात लेक उभा होता. कारखान्यातून आला होता, हातात डबा. त्यानं भोक पाहिलं. खाटेखालून बाहेर आलेले दाणे पाहिले. मेणबत्ती पाहिली. मग डबा खाली ठेवला.

मीच आधी बोललो. "तू हे घर मले दाखवाले बांधलं ना?"

"काय दाखवाले?"

"का टिन टाकून म्या तुह्या मायले मारलं."

तो फरशीवरच बसला, दाण्यांमध्ये. मग विचारलं, "बाबा, त्या साली घर फेराले कोन चढलं नाई?"

"वानरायनं पार नास केलता तवा..."

"वानरं दरसाल येत. त्या साली म्या चढलो नाई. तुमचा गुडघा सुजला होता. म्याच म्हनलं, माह्या साऱ्या दोस्तायकडं टिन हाय, टाकून टाका. आईनं मले येगळं घेऊन सांगतलं होतं. हात धरून म्हने, बेटा, तू चढ, चार दिवसाचं काम हाय, मंग तुहा बाप टिनाचं नाव घेनार नाई." तो थांबला. "म्या म्हनलं, मले अभ्यास हाय. अभ्यास काई नोता. सिनेमा पाहाले गेलतो."

हे मला माहीत नव्हतं. तिनंही मला कधी सांगितलं नाही. मला टिन नको म्हणाली, त्याला चढ म्हणाली, दोघांनीही ऐकलं नाही, आणि ती गप्प मेणबत्ती सरळ करत राहिली.

"मंग तू तवा वरतं पाह्यलं ते..." मी म्हणालो.

"केव्हा?"

"ती गेली त्या दिवशी. टिनाकडं."

"मले तुमच्याकडं पाहाची हिंमत नोती," तो म्हणाला. "हे घर म्या माह्यासाठी बांधलं, बाबा. तुमी आले तं चांगलंच. नसते आले तरी बांधलं असतं."

मी खाटेवरून खाली उतरलो आणि त्याच्या बाजूला बसलो. गुडघा कटकन वाजला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो लहान असताना ठेवायचो, त्यानंतर ठेवलाच नव्हता. तो रडला. मी रडलो की नाही ते लिहीत नाही.

थोड्या वेळानं त्यानं नाक पुसलं आणि भोकात बोट घातलं. "मोठं पाडलं तुमी."

"पाह्याचं होतं आत काय हाय."

"पाह्यलं?"

"थर्माकोल हाय."

"म्या सांगतलंच होतं."

"तू फेस सांगतला होता."

सून बाजारातून आली, दारातच थांबली. दोघंही फरशीवर, भोवती पांढरे दाणे. म्हणाली, "आता याले काय लावाचं? इथून ऊन येईन." मग माझ्या पेटीकडं पाहत, अगदी सरळ तोंडानं, "आईचा फोटो लावून द्या तिथं. झाकून तरी जाईन."

आठ दिवस झाले, मी राहायला परत गेलो नाही. पण एकदा गावी जाऊन आलो. वावरातला कापूस थोडा घरी ठेवलेला होता, तो पिशवीत घालून आणला. लेक म्हणत होता कारखान्यातून भरण आणतो. मी म्हणालो, थर्माकोलचं भरण तुझं, या भोकाचं माझं. कापूस बोटानं दाबून-दाबून भरला, वरून लेकानं सिमिट लावलं. सुकलं तेव्हा खिळा ठोकून तिचा फोटो लावला. फोटोत ती डोक्यावर पदर घेऊन उभी आहे, कपाळाला आठी, कारण फोटोवाल्यानं तिला उन्हात उभं केलं होतं.

आता सकाळी आठ वाजता सून यायच्या आधी मीच खिडक्या लावतो. संध्याकाळी मीच उघडतो. साहेब लोक पुन्हा आले होते, फोटोकडं पाहून म्हणाले, काका, या भिंतीत खिळा ठोकायला नको होता, सांधा ढिला होतो. मी म्हणालो, ठोकला.

भिंतीवरचा भरवसा अजून पुरा बसलेला नाही. वीस वर्षांनी त्या रबराचं काय होईल ते कुणालाच माहीत नाही, लेकालाही नाही, विचारलं आहे मी. फोटोच्या बाजूला रोज टिचकी मारून पाहतो. आवाज तोच येतो, टप. जिथं कापूस भरला आहे तिथं मात्र आवाजच येत नाही. दुपारी मी त्याच बाजूला डोकं करून झोपतो.